जाळ्यात नको ते आलं तर? मुंबईच्या समुद्रातल्या बायकॅचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासळी बाजारात, कोळीवाड्यात, किनारा सफाईला आलेल्या मंडळींकडून आणि कधी कधी जेवणाच्या ताटावर येणारे हे प्रश्न आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत. क्रमाने वाचायची गरज नाही.

बायकॅच म्हणजे नेमकं काय?

कोलंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात कोलंबीखेरीज जे जे येतं ते. पण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. एक, कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असे प्राणी, जे कुणाला पकडायचेच नसतात. दोन, ज्याला बाजारात भाव नाही असे मासे आणि खेकडे. तीन, पापलेट, सुरमई, घोळ यांची पिल्लं, ज्यांना वर्षभराने चांगला भाव आला असता. पहिल्यांचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. तिसऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि मच्छीमाराच्या खिशाला खरी कात्री तिथेच लागते.

मुंबईसमोर काय काय अडकतं?

आपल्यासमोरचा समुद्र उथळ आणि चिखलाच्या तळाचा आहे. भारताच्या किनाऱ्यालगतची उथळ पट्टी मुंबई आणि गुजरातसमोर सगळ्यात रुंद, जवळपास ३०० किलोमीटर. ट्रॉलरला, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटीला, सोपी आणि मासळीला वाढायला चांगली, म्हणून सगळी गर्दी इथेच.

कासवांमध्ये ऑलिव्ह रिडले सगळ्यात जास्त, क्वचित हिरवं कासव. किनाऱ्याजवळ हंपबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज. या दुसऱ्याच्या पाठीवर पंखच नसतो, त्यामुळे पाण्यात तो दिसतही नाही आणि अडकल्यावर अनेकांना ओळखूही येत नाही. मुशी (शार्क), कानमुशी (हातोड्यासारख्या डोक्याची मुशी), पाकट (रे), रांजा (गिटारफिश) तर रोजचेच. समुद्री साप इतके येतात की जुने खलाशी त्यांच्याबद्दल बोलतही नाहीत, हुकाने उचलून बाहेर टाकतात. हाताने उचलू नका, हे नवख्या खलाशाला पहिल्या दिवशी सांगावं लागतं. हे साप जहाल विषारी असतात.

नको असलेली मासळी समुद्रात परत फेकतात का?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण परदेशातली बरीचशी माहिती इथे लागू पडत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या (एफएओ) २०१९ च्या अहवालात जगभर वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी समुद्रात परत फेकली जाते असा अंदाज आहे, म्हणजे एकूण पकडीच्या जवळपास ११ टक्के. त्यातली जवळजवळ निम्मी तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांतली. तिकडच्या मोहिमांचा सगळा भर त्यामुळे ‘फेकणं कमी करा’ यावर असतो.

आपल्याकडे फेकणं आधीच कमी झालंय. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे जाऊन बघा. बोट लागते, टोपल्या वर येतात, बायका उकिडव्या बसून निवडायला लागतात. कोलंबी एका बाजूला, मांदेली एका बाजूला, ढोमा वेगळा, माकूल वेगळी. बोटं इतकी झरझर चालतात की बघणाऱ्याला मासा ओळखायला वेळ मिळत नाही. शेवटी खाली एक करडा लगदा उरतो. त्यात बोटाएवढी वाकटी, नखाएवढ्या चिंबोऱ्या, फुगून टणक झालेला एखादा केंड, तळहातावर मावेल असं पाकटाचं पिल्लू. हा लगदा कुणी पाण्यात लोटत नाही. फावड्याने भरून टेम्पोत चढतो आणि फिशमीलच्या कारखान्याकडे निघतो. तिथून कोंबड्यांचं खाद्य होतं, शेततळ्यातल्या कोलंबीचं खाद्य होतं.

पूर्वी लांबच्या फेरीत बर्फाची जागा कोलंबीसाठी राखून बारीकसारीक मासळी समुद्रातच सोडायचे. आता तिलाही गिऱ्हाईक आहे. किलोला थोडेच पैसे मिळतात, पण डिझेलचा खर्च भागवताना नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, तेवढेही सोडवत नाहीत. त्याला दोष देऊन काय उपयोग? माझ्या मते मुंबईच्या बायकॅचची खरी गाठ इथेच आहे. एकदा जाळ्यात आलेलं सगळं विकलं जातं, म्हणून ते जाळ्यात येण्याआधीच रोखावं लागेल. पुढे जाळी आणि आस (जाळ्याचं भोक) यांबद्दल एवढं का लिहिलंय, ते यावरून समजेल.

कोणत्या जाळ्यात काय अडकतं?

ट्रॉल तळ खरवडत जातं, त्यामुळे त्यात सगळंच: पिल्लं, पाकट, रांजा, साप, कासव. पाण्यात उभ्या सोडलेल्या वावरीत, म्हणजे गिलनेटमध्ये, डॉल्फिन, पॉरपॉइज, कासव आणि व्हेल शार्क गुरफटतात, कारण बारीक नायलॉनचा धागा त्यांना जाणवतच नाही. पर्ससीन, म्हणजे गोल फिरवून खालून आवळायचं जाळं, अख्खा थवा वेढते. थव्यामागे आलेले डॉल्फिन वेढ्यात सापडले, तरी जाळं पूर्ण ओढेपर्यंत जिवंत असतात, म्हणून तिथे सोडवणं तुलनेने सोपं. लाँगलाइनचे गळ आणि अल्बाट्रॉस पक्षी ही दक्षिणेकडच्या महासागरांची गोष्ट, आपल्या धक्क्यांवर तिचा संबंध येत नाही.

डोल तर पिढ्यानपिढ्यांची. तीही वाईट का?

डोल ही जाळ्याची मोठी पिशवी, एका जागी रोवलेली असते. पाण्याचा ओढ मासळी तिच्यात आणून सोडतो, म्हणून उधाणाला भरते आणि भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, रिकामी राहते. तळ खरवडत नाही, डिझेल कमी लागतं. मढ, वर्सोवा, गोराई, उत्तनचा बोंबील याच जाळ्यातून येतो. पण जवळा आणि करंदी धरायची तर खोल्याची, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या टोकाची, आस अगदी बारीक ठेवावी लागते, आणि त्या आसातून पापलेटचं पिल्लूही निसटत नाही. सातपाटीचे वावरीवाले आणि डोलवाले यांच्यातला जुना वाद यावरूनच. आम्ही मोठं पापलेट धरतो आणि तुम्ही त्याची पिल्लं बोंबलाबरोबर वर काढता, असं वावरीवाल्यांचं म्हणणं.

दोघांचंही बरोबर आहे. डोल बंद करा असं म्हणणारे बोंबील कुठून येतो ते विसरतात. पिल्लं ज्या महिन्यांत आणि ज्या पट्ट्यात दाटीने असतात तेवढ्यापुरती डोल उचलणं किंवा खोल्याची आस मोठी करणं, एवढंच मागणं रास्त वाटतं. ते ठरवायचं कोळीवाड्यांच्या सोसायट्यांनी आपसात बसून. वरून फर्मान आलं की रात्री जुनाच खोला लागतो.

पूर्वी मिळायची ती चपटी शेवंड (लॉबस्टर) कुठे गेली?

ट्रॉलमध्ये गेली. कोलंबीच्या ट्रॉल जाळ्यात ती आपसूक यायची, अंडी पोटाशी धरलेल्या माद्यांसकट. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या धक्क्यांवर तिचं येणं जवळजवळ थांबलं. मुद्दाम तिच्या मागे कुणी लागलं नव्हतं.

कासव पाण्यातलंच ना? मग जाळ्यात मरतं कसं?

बुडून. कासवाला फुप्फुसं आहेत, श्वासासाठी वर यावंच लागतं. शांत असताना ते बराच वेळ खाली राहू शकतं, पण जाळ्यात धडपडताना प्राणवायू झपाट्याने संपतो. ट्रॉल दोन-तीन तास ओढलं जातं. तेवढ्यात काम तमाम होतं.

बोटीवर कासव निपचित पडलंय. मेलं समजून टाकून द्यायचं का?

नाही! पुष्कळदा ते बेशुद्ध असतं, आणि तसंच पाण्यात टाकलं तर नक्की बुडतं. पोटावर, म्हणजे सरळ ठेवा. मागची बाजू लाकडावर किंवा दोरखंडाच्या वेटोळ्यावर अर्धा फूटभर उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे उतरेल. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मोकळ्या राहू द्या. पाण्याच्या टाकीत ठेवू नका. अधूनमधून डोळ्याजवळ किंवा शेपटीला हलकेच बोट लावून बघा, पापणी हलते का, शेपूट आत घेतं का.

चार तासांत हललं नाही तरी धीर धरा, चोवीस तासांपर्यंत वाट बघायला सांगतात. पाय मारायला लागलं की इंजिन न्यूट्रलला टाकून, जाळी बाहेर नसताना, पाण्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेऊन हळूच सोडायचं. वरून धप्पकन टाकायचं नाही.

डॉल्फिन किंवा व्हेल शार्क असेल तर?

डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं. आधी ते पाण्याबाहेर येईल असं बघा, मग जाळं कापा. शेपटीला दोर बांधून ओढू नका. व्हेल शार्क मासाच आहे, त्याला हवेची घाई नाही, पण त्याच्या वजनाने जाळं आणि कधी कधी बोटही धोक्यात येते. त्यालाही शेपटीला दोर नको. बोटीला समांतर घेऊन जाळं लांबीने कापणं हाच मार्ग.

जाळं कापलं तर नुकसान कोण भरून देणार?

महाराष्ट्रात यासाठी डिसेंबर २०१८ पासून योजना आहे. संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवतात. सोडवतानाचे फोटो किंवा व्हिडिओ हा मुख्य पुरावा, त्यामुळे एका खलाशाने कापायचं आणि दुसऱ्याने मोबाइल धरायचा, ही वाटणी आधीच करून ठेवा. बोटीचे कागद चोख लागतात हे वेगळं सांगायला नको.

योजना चांगली आहे, तिने तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) हातातला सुरा लवकर बाहेर येतो. पण ती जाळ्याचे पैसे देते. त्या दिवसाची गेलेली मासळी, जाळलेलं डिझेल, जाळं विणून होईपर्यंत घरी बसलेले खलाशी, हे त्यात धरलेलं नाही. कोळीवाड्यात याबद्दल कुरबूर ऐकू येते ती उगीच नाही.

गुजरातचा अनुभव याच्याही आधीचा. तिथे व्हेल शार्कची यकृताच्या तेलासाठी मुद्दाम शिकार व्हायची, ते तेल बोटींना लावायचे. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम उघडली, कथाकार मोरारी बापूंनी व्हेल शार्क म्हणजे माहेरी येणारी लेक असं लोकांना सांगितलं. त्यानंतर ज्या मच्छीमारांनी तिची शिकार केली होती त्यांनीच शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडल्या. भरपाईबरोबर मान मिळाला, हे त्यातलं मर्म.

कासव जाळ्यात आलं म्हणून गुन्हा दाखल होतो का?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवं, डॉल्फिन, व्हेल शार्क, नळी मुशी (सॉफिश) हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार, बाळगणं, विकणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड. चुकून आलेलं जिवंत सोडून दिलं तर घाबरायचं कारण नाही, भरपाईची योजना त्याच गृहीतकावर उभी आहे. अडचण येते ती मेलेलं गुपचूप विकण्याने, किंवा धक्क्यावर आणून पाठीवर पाय ठेवून फोटो काढण्याने.

कासव बाहेर पडेल असं जाळं असतं म्हणे?

असतं. त्याला टेड म्हणतात, टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस. ट्रॉलच्या पिशवीच्या अलीकडे गजांची एक लंबगोल चौकट तिरकी बसवतात. कोलंबी आणि लहान मासे गजांमधून पिशवीत जातात, कासव चौकटीवर आपटून तिरक्या बाजूने घसरतं आणि झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांसाठी स्वतःचं टेड बनवलं आहे.

यामागे अमेरिकेचा बाजार आहे. १९८९ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे कासवांची काळजी न घेता पकडलेली कोलंबी तिथे घेत नाहीत. भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड या चौघांनी जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध दाद मागितली, १९९८ मध्ये निकाल लागला. कासवं वाचवण्यासाठी असा नियम करता येतो, पण तो राबवताना देशादेशांत दुजाभाव नको, असा त्याचा मथितार्थ. पुढे २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातल्या कोलंबीला अमेरिकेने दार बंद केलं. शेततळ्यातली कोलंबी सुटली, कारण तिच्यात कासवाचा प्रश्नच येत नाही.

आपले ट्रॉलरवाले टेडला का नाखूश? एक म्हणजे मोठी मासळीही त्या झडपेतून जाते. त्यांच्या लेखी मोठं पाकट किंवा घोळ सुटणं म्हणजे नोटा पाण्यात. दुसरं, मुंबईसमोर जाळ्यात प्लॅस्टिक किती येतं ते सगळ्यांना माहीत आहे. पिशव्या आणि चिंध्या गजांवर चिकटल्या की चौकट बुजते आणि कोलंबीही झडपेकडे वळते. ही सबब नव्हे. टेड बंधनकारक करायचं तर कचऱ्याने बुजणार नाही असं टेड आपल्याच ट्रॉलरवर, आपल्याच चिखलात आधी चालवून दाखवायला हवं.

चौकोनी आस म्हणजे काय? त्याने काय फरक पडतो?

नेहमीच्या जाळ्याची आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते. ओढ बसला की ती लांबट होऊन मिटते, आणि मग कागदावर ती कितीही मिलिमीटर असली तरी पिल्लाला बाहेर पडायला फट उरत नाही. तेच जाळं फिरवून आस चौकोनी लावली तर ओढातही ती उघडी राहते. पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावायची शिफारस यासाठीच आहे. सिंधुदुर्गात मालवणच्या ट्रॉलरवर तिचा प्रसार झाला.

सगळ्या उपायांत मला हा सगळ्यात सरळ वाटतो. यंत्र नाही, बॅटरी नाही, खर्च जाळ्याच्या तुकड्याचा. बारीक मासळी कमी आल्याने निवडायचा वेळ वाचतो आणि डिझेलही थोडं कमी जळतं. तोटा होतो तो फिशमीलला जाणाऱ्या टोपल्यांचा. पुन्हा तीच गाठ!

जाळ्याला दिवे लावतात असं वाचलं. एलईडीवर तर बंदी आहे ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रखर एलईडीचा झोत टाकून मासळी गोळा करणं आणि मग पर्ससीनने वेढणं, यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. जाळ्याला छोटे हिरवे दिवे लावतात ते प्राण्यांना जाळं दिसावं म्हणून. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात गिलनेटवर हा प्रयोग झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण बायकॅच ६३ टक्क्यांनी आणि मुशी-पाकटांचं अडकणं ९५ टक्क्यांनी घटलं, विक्रीच्या मासळीत फारसा फरक पडला नाही. आपल्या गढूळ पाण्यात हिरवा दिवा किती लांबून दिसेल, हा प्रश्न मात्र इथेच तपासावा लागेल.

डॉल्फिनसाठी पिंगर नावाची आवाज करणारी उपकरणंही असतात. पॉरपॉइज त्यांना बिचकतात, काही प्राण्यांना सवय होते, आणि काही तर आवाज म्हणजे जेवणाची वर्दी समजून जवळ येतात.

पावसाळी बंदी पुरेशी नाही का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती अंडी घालण्याच्या मोसमासाठी. पण ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात तेव्हा तीच पिल्लं नुकती वाढायला लागलेली असतात. बंदीने माद्या वाचवायच्या आणि बंदी उठताच बारीक आसाने पिल्लं उचलायची, याला काय म्हणायचं?

मासेमारी बंद असतानाही पावसाळ्यात जखमी कासवं का सापडतात?

हरवलेल्या आणि टाकून दिलेल्या जाळ्यांमुळे. नायलॉन कुजत नाही, बोट नसली तरी ते पकडत राहतं. खवळलेल्या समुद्रात असे गुंते किनाऱ्याकडे येतात आणि त्यांच्याबरोबर पर, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, कापलं गेलेलं कासव. डहाणूच्या उपचार केंद्रात पावसाळ्यात अशी कासवं येतात, काहींचा पर काढूनच टाकावा लागतो. फाटकं जाळं समुद्रात न सोडता धक्क्यावर आणायचं, तर धक्क्यावर ते घेणारं कुणीतरी हवं.

मुशी खावी की नाही?

सरसकट उत्तर नाही. चपट्या नाकाची जी मुशी आपल्याकडे नेहमी मिळते ती लहानखुरी जात आहे, लवकर वयात येते. कानमुशीचं तसं नाही. ती उशिरा वयात येते, आणि जाळ्यात येतात ती बहुतेक तिची पिल्लंच. ती आणि रांजाच्या बऱ्याच जाती जगभर नामशेष होण्याच्या काठावर आहेत. डोकं लांबट हातोड्यासारखं दिसलं तर पुढच्या टोपलीकडे जा. मोठ्या मुशीत पारा साठतो, गरोदर बायकांनी ती टाळावी हे वेगळंच.

मी फक्त बाजारातून मासे आणते. माझा काय संबंध?

पिल्लांना गिऱ्हाईक तुम्ही आहात. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला आणि त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्य मासा केलं. पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत फार तर तुमच्या मनगटापासून मधल्या बोटाच्या मध्यापर्यंत. त्याहून लहान ‘तळायला बरी’ म्हणून वाट्यावर घेऊ नका. मासेवाल्या मावशींशी हुज्जत घालायची गरज नाही, त्या लिलावात मिळेल ते घेऊन बसतात. ‘मोठी आली की सांगा, घेते’ एवढं म्हणा, त्या लक्षात ठेवतात.

जुहूला किंवा वर्सोव्याला डॉल्फिन, कासव वाहून आलेलं दिसलं तर?

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. जागा नीट सांगा, प्राणी जिवंत आहे की मेलेला, आणि जाळं गुंडाळलेलं आहे का, हेही. जिवंत कासव पुन्हा पाण्यात ढकलू नका, ते दमून किंवा जखमी होऊनच बाहेर आलेलं असतं. डॉल्फिनवर ओलं फडकं टाका, नाकाचं छिद्र सोडून. कुत्री आणि सेल्फीवाले लांब ठेवा. मेलेला असला तरी कळवा, अंगावरच्या जाळ्याच्या खुणांवरून तो कशात अडकला होता ते समजू शकतं.